काटा नसलेली गाडी

महाडच्या स्टँडवर नानांनी माझ्या हातात सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) पुडी कोंबली आणि म्हणाले, "सुमन, या खेपेला त्याला घेऊनच ये. स्वतःची गाडी घेतलीन म्हणे. अंगणात आणून उभी कर म्हणावं, मग मानीन."

नाना म्हणजे माझ्या ताईचे थोरले दीर. आणि 'तो' म्हणजे माझे भाऊजी, ताईचे यजमान. मोरिवलीच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. गावाला स्वतःच्या गाडीने जायचं, एवढी एकच हौस त्या माणसाने जन्मभर बाळगली होती. ती या उन्हाळ्यात पुरी झाली नाही तर होणारच नाही, हे मला ठाऊक होतं आणि नानांना नव्हतं. मी पुडी पिशवीत टाकली आणि "बघते" म्हणून एसटीत चढले. माझ्यासारख्या फटकळ बाईला "बघते" हा शब्द शोभत नाही.

पनवेलला गाडी बदलून बदलापूरला पोचेपर्यंत ऊन टेकडीआड गेलं होतं. तुमच्यापैकी जे पूर्वी तिथे गेले असतील त्यांना भातशेती आठवत असेल. ती विसरा. खाचरांत सिमेंटचे खांब उभे राहिलेत आणि प्रत्येक खांबाशेजारी हसऱ्या कुटुंबाचं चित्र असलेली जाहिरात. चंदेरीचा सुळका तेवढा जागेवर आहे. कुळगावात शिरल्यावर जुनी कौलं, तुळया, ओटे दिसायला लागले, मगच रिक्षा योग्य ठिकाणी आली असं वाटलं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, आगे गल्ली छोटी है, इथनं चालत जा ना." पिशवी माझ्या खांद्यावर, आणि शहाणपण त्याचं!

ताईने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच. भाऊजी आंघोळीला गेले होते. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. त्यांना कावीळ झालीय. कावीळ. दुसरं काही बोललीस तर बघ."

कावीळ नव्हती. यकृतात गाठ होती आणि ती पसरली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ताईला आणि तिच्या मुलाला, महेशला, बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि ताईने मला फोनवर. आपल्याकडे असंच करतात. ज्याचं दुखणं त्यालाच खोलीत बसवून ठेवतात. मला चीड आली होती, पण बहिणीच्या गळ्याची शपथ कशी मोडणार?

भाऊजी बाहेर आले. डोळे हळदीसारखे पिवळे, गालफडं बसलेली, आवाज मात्र तोच. "जय भीम, सुमन! सोडे आणलेस ना? वास आला. पण मला चालायचे नाहीत. पथ्य आहे. तेल नाही, तिखट नाही, सुकं नाही. उसाचा रस पितोय नुसता." हे सगळं ते इतक्या इमानाने सांगत होते की मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

जेवताना गाडीचा विषय निघाला. गाडी लहान, पेट्रोलवरची, उल्हासनगरातून सेकंडहँड घेतलेली. अलीकडे चढ आला की तापायची. दोनदा वाफ आली होती. भाऊजींचं दुःख वेगळंच होतं. "हिला काटाच नाही गं. पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा नाही, नुसते दिवे आहेत. आणि दिवे तर एकदाही लागले नाहीत. मी जन्मभर काटा बघून बॉयलर चालवला. गावाच्या वाटेवर सुकेळीच्या खिंडीत हिला मी काय बघून घालू?"

महेशने खाली मान घालून भात कालवला.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं उल्हासनगरला निघालो. कुणीतरी भाऊजींना सांगितलं होतं, की आता एक डिजिटल मीटर मिळतो. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात त्याची पिन खोचायची, की गाडीच्या पोटातलं सगळं आकड्यांत समोर येतं. महेश म्हणत होता, "पप्पा, ऊन आहे, मी एकटा आणतो." भाऊजी ऐकतायत कसले! गाडी महेशने चालवली, ते पुढे बसले, मी मागे. अंबरनाथ मागे पडलं, वालधुनीच्या पुलावर नाकाला पदर लावावा लागला. त्या नदीत पाणी कोणत्या रंगाचं असेल ते कारखान्यांवर अवलंबून. त्या दिवशी विटकरी होतं.

कॅम्प पाचच्या बाजाराचं वर्णन करायला माझ्यापाशी दम नाही. जीन्स शिवणाऱ्या मशिनी, पापडांचे ढीग, टेपरेकॉर्डरचे सांगाडे, सगळं एकाच गल्लीत. दुकानाबाहेर दाल-पकवान (कडक तळलेली मोठी पुरी, वर चण्याची डाळ आणि चटणी) खाल्लं. भाऊजींनी पकवानाचा एक तुकडा मोडला, नाकाजवळ नेला आणि माझ्या ताटलीत ठेवला. "वास बरा आहे," म्हणाले.

दुकानदार सिंधी, थुलथुलीत, गोड बोलणारा. त्याने काचेवर तीन मीटर मांडले. एक सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा, पण तो फक्त बॅटरी किती भरलीय ते सांगायचा. दुसरा बिघाडाचा नंबर दाखवायचा आणि गप्प बसायचा. तिसरा चालत्या गाडीत सतत चार आकडे दाखवायचा. पाण्याचं तापमान, इंजिनचे फेरे, वेग आणि बॅटरी.

"साईं, तिसराच," भाऊजी म्हणाले. "एकदा सांगून गप्प बसणारा माणूस काय कामाचा?"

"अंकल, पहले लगा के देखो. सब गाडी से इसका जमता नही."

तेही खरंच निघालं. पहिला नग लावला तर पडद्यावर टिंबं नुसती पळत राहिली, गाडी त्याला दाद देईना. दुकानदाराने दुसरा आणला. तो लागला. भाऊजी पुढे वाकले आणि एकदम ओरडले, "एकशे नव्वद! महेश, बंद कर! बंद कर आधी!" बाजूचे चार जण दचकून मागे सरले. दुकानदार पोट धरून हसला. "अंकल, ये अमेरिका का हिसाब है. फॅरनहाइट." त्याने बटणं दाबली, आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. मग इंधन पेट्रोल, इंजिन केवढं, टाकी केवढी, असं एकेक त्याला भरवावं लागलं. भाऊजींनी स्वतः जागा ठरवली. स्टिअरिंगच्या डावीकडे, ऊन लागणार नाही अशी. चिकटपट्टी दाबून धरली, वायर पायाशी लोंबू नये म्हणून आत खोचली. किती दिवसांनी त्या माणसाला काम मिळालं होतं! चेहरा असा उजळला की मीसुद्धा क्षणभर कावीळच समजले.

मग दुकानदाराने बिघाड बघायचं बटण दाबलं. एक नंबर आला. त्याने कळकट पुस्तकात तो शोधला. "पंखे की लाइन में फॉल्ट है. पुराना है." मग त्याने किल्ली बंद करून परत फिरवली आणि समोरच्या दिव्यांकडे बघत राहिला. "अजीब है. चाबी घुमाते ही सब लाइट एक बार जलती है. आपकी दो जलती ही नही. इंजिनवाली, और गरम होनेवाली."

"बल्ब उडाले असतील," महेश पटकन म्हणाला.

परतीला अंबरनाथच्या आधी ट्रक आडवा झाला होता, सगळं तुंबलं होतं. तिथे पहिल्यांदा कळलं, की न कळणं किती सोयीचं असतं. ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे तीन. भाऊजी आकडे मोठ्याने वाचत होते. एकशे आठला ते शांतपणे म्हणाले, "बाजूला घे. बंद कर. झाकणाला कोणी हात लावायचा नाही." आम्ही कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. हवेत आंबट वास, घसा खवखवत होता. निवल्यावर ढकलत-थांबत मोरिवलीला पोचलो, भाऊजींच्या ओळखीच्या बाळारामच्या गॅरेजमध्ये.

बाळारामने ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. बोटाला दुधाळ चिकट थर. "काका, पाणी ऑइलात उतरलंय. हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. पंख्याची वायर जळलीय, पंखा फिरतच नाही. दिवा दिसला तेव्हाच आणली असतीत तर वायर बदलून भागलं असतं."

"दिवा लागलाच नाही ना!"

त्याने डॅशबोर्ड सोडवला, आत टॉर्च मारला. "लागेल कसा? बल्ब उडाले नाहीत, काढलेत. जागा रिकाम्या आहेत."

भाऊजी तापले. "त्या विकणाऱ्याचंच काम! नीच माणूस! उद्या जातो आणि कॉलर धरतो. माणूस मेला असता घाटात!" बोलता बोलता त्यांना धाप लागली, त्यांनी मडगार्डचा आधार घेतला.

"पप्पा," महेश म्हणाला. "मी काढले."

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी एकटा गाडी नेली की दिवे सारखे पेटायचे. तुम्हाला दिसले असते तर रात्र रात्र त्यावरच बोलत बसला असतात, झोपला नसतात. डॉक्टर म्हणाले होते, टेन्शन द्यायचं नाही. म्हणून स्टेशनजवळच्या वायरमनकडून काढून घेतले. मला वाटलं, नंतर बघू."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. भाऊजींनी हात उचललाच नाही. मुलाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. "सुमन, तुझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं. आल्यापासून तू एकदाही माझ्याशी भांडली नाहीस. माझ्यापुढचा आणखी कुठला दिवा काढलाय यांनी?"

"मावशी, नको," महेश म्हणाला.

ताईचा गळा डोळ्यांपुढे आला. पण समोर उभ्या माणसाचे पिवळे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी म्हणाले, "कावीळ नाही भाऊजी. गाठ आहे. पसरलीय. औषध उरलेलं नाही."

बाळाराम उठून बाहेर गेला. भाऊजी गॅरेजमधल्या टायरवर बसले. मग ते म्हणाले, "काटा लाल पट्ट्यात गेला की आम्ही पहिली घंटा मारायचो. माणसं कामाला लागावीत म्हणून. घंटाच काढून ठेवली तर बॉयलर फुटायचा थांबतो का रे?" महेश त्यांच्या पायाशी बसून हुंदके देत होता. त्याच्या केसांवर हात ठेवून ते दुसरंच म्हणाले, अगदी साध्या आवाजात. "मग मी पथ्य कशाला पाळत होतो?"

त्या रात्री ताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शपथ मोडली म्हणून तिने माझं ताटसुद्धा वाढलं नाही, मी हाताने वाढून घेतलं. पण तिने सोडे भाजले. कांदा, तिखट, तेल, सगळं घालून. भाऊजींनी चार घास खाल्ले, तेवढेच पोटात राहिले. खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिखटाचं आहे असं आम्ही कोणी म्हटलं नाही.

त्यांची गाडी काही खिंड चढणार नव्हती. महेशच्या मित्राने आपली गाडी आणली, तीही तसलीच, काटा नसलेली. भाऊजी पुढे बसले, शर्टाच्या खिशातून मीटर काढला आणि मित्राला म्हणाले, "लावू का? तुझी हरकत नसेल तर." कर्जतमागून खोपोली आलं, पेण आलं, दोन्ही बाजूंची खाचरं करपून काळी झालेली. वडखळला त्यांनी गरम वडा मागून घेतला, अर्धा खाल्ला. सुकेळीच्या खिंडीत ट्रकमागून रांगताना आम्ही सगळे त्या आकड्यांकडे बघत होतो. "एक्याण्णव," भाऊजी म्हणाले. "त्र्याण्णव. चालू दे, हिचा पंखा फिरतोय." उताराला लागल्यावर त्यांनी डोळे मिटले.

स्वतःची गाडी अंगणात उभी राहिली नाही. दुसऱ्याच्या गाडीतून महेशने त्यांना जवळजवळ उचलूनच उतरवलं. नाना ओट्यावरून उठून आले, भावाकडे बघून जागीच थांबले, आणि आपण सगळे विचारतो तसंच त्यांनी विचारलं, "कसा आहेस रे?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. ताईने ते देण्यासाठी तोंड उघडलंही होतं. भाऊजी म्हणाले, "वाईट आहे, नाना. फार दिवस नाहीत. इथेच राहतो."

नानांनी भावाचा दंड धरला आणि आत जाऊन माजघरात स्वतःची खाट रिकामी केली.

मी महाडला परतले. घर उघडून दिवा लावला तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडले. प्रवासाला जाऊन माणूस काय आणतो? मी बहिणीचा अबोला आणला. तरी विचारलंत तर सांगते, पुन्हा शपथ घातली तर पुन्हा मोडीन.

पुढचं मला महेशकडून कळलं. मीटर भाऊजींच्या उशाशी होता, वायर गुंडाळलेली. नाना रोज सकाळी चहा घेऊन जायचे आणि विचारायचे, "आज कसं?" भाऊजी जसं असेल तसं सांगायचे. रात्र वाईट गेली. पाय सुजलेत. आज बरं वाटतंय, जरा बाहेर बसव. ताई त्या वेळी चुलीशी जाऊन पाठ करून बसायची. मग एका सकाळी, नाना शेतावर गेलेले असताना, ती चहा घेऊन खाटेशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना विचारलं, "आज कसं वाटतंय? खरं सांगा." त्यांनी सांगितलं. तिने ते सगळं ऐकलं, आणि चहा निवून गेला तरी ती उठली नाही.