लेबल हरवलेलं फंक्शन

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत. लहान मुलांच्या औषधाची मात्रा काढणारा प्रोग्राम ती जावास्क्रिप्टमध्ये लिहायची आणि प्रत्येक फंक्शनला, म्हणजे हिशोबाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याला, एक लेबल डकवायची: आत वजन किलोत येणार, बाहेर औषध मिलिलिटरमध्ये जाणार, आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या वर कदापि जाता कामा नये. तिनेच लिहिलेला एक तपासनीस ते लेबल वाचायचा. अट मोडली की स्क्रीन लाल.

त्या दुपारी नणंदेचा फोन आला. ती हॉस्पिटलात नर्स होती, हाच प्रोग्राम वापरायची.

"वहिनी, अगं एवढंसं बाळ, आणि तुझा प्रोग्राम बादलीभर औषध द्या म्हणतोय!"

"दिलं नाहीस ना?"

"वेडी आहे का मी? पण स्क्रीन लाल का नाही झाला?"

शंकाबाईने भरलेलं वजन बघितलं. कुणीतरी वजन ग्रॅममध्ये भरलं होतं, हे लगेच कळलं. पण असल्या घोटाळ्यासाठीच तर लेबल होतं! तिने फंक्शन उघडलं. लेबल जागच्या जागी. फंक्शन तपासनिसाच्या हाती थेट दिलं, तर स्क्रीन लालभडक. प्रोग्राममधून चालवलं, तर चिडीचूप. तेच फंक्शन, तेच वजन!

"मी कालच त्याच्यावर एक पांघरूण घातलंय," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याला सगळे मास्तर म्हणत. "किती वेळ लागतो ते मोजायला. आतलं फंक्शन आहे तसंच आहे."

"आणि लेबल?"

"आतल्यालाच." मास्तरचा आवाज बारीक झाला. "पांघरूण म्हणजे नवं फंक्शन. त्याला कुठलं लेबल?"

प्रोग्राममधून चालवलं की तपासनिसाला दिसत होतं ते फक्त वरचं पांघरूण. लेबल नाही म्हणजे अटही नाही, असं समजून तो गप्प बसला होता.

मास्तरने लेबल पांघरुणावरही चढवलं. शंकाबाईने नियमच फिरवला: लेबल नसलेलं फंक्शन चालणारच नाही. चालू करून बघतात तो काय, अख्खा प्रोग्राम ठप्प! कितीतरी फंक्शनं बिनलेबलाची, आणि त्यातली बरीच तिची स्वतःची.

"ह्यांना मी लेबलं लावली होती," ती पुटपुटली. "लावली होती ना रे?"

"ह्यांच्यावर तर पांघरूणही नाही," मास्तर एकेक उघडून बघत म्हणाला.

तिने नणंदेला फोन केला. "प्रोग्राम नीट होईल तोवर सगळ्या मात्रा हाताने काढा. दोघी नर्सनी वेगवेगळ्या काढून ताडून बघा."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"माझं मलाच कळत नाहीये गं."