डायपर ओला की सुका?

"बाई बदला," चेअरमन म्हणाले. "उद्यापासून."

आम्ही कंपोस्ट पिटपाशी उभे होतो. चेअरमन म्हणजे आमच्या कॉम्प्लेक्सचे देसाईसाहेब. त्यांनी रुमाल नाकाला लावला होता. पिटच्या पलीकडे शेवंताबाई घमेलं घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर बोलत होते हो! जशी काही ती बाई नव्हे, पाण्याची मोटर होती.

मी नगरपरिषदेतून सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. आयुष्यभर दुसऱ्याच्या कचऱ्यात नाक खुपसलं. घरी बसवेना म्हणून खोपोली-कर्जत रस्त्यावरच्या या कॉम्प्लेक्समध्ये इस्टेट मॅनेजर झालो. इथे तीन टॉवर आहेत. तरुण जोडपी, त्यांची तान्ही पोरं आणि त्यांचे थकलेले आईबाप. म्हणजे डायपर दोन्ही टोकांना.

पिट म्हणजे विटांचा हौद. त्यात स्वयंपाकघरातला कचरा टाकायचा, वर लाकडाचा भुसा पसरायचा आणि अधूनमधून फावड्यानं खालीवर करायचा. आत हवा खेळली की जंतू आपलं काम करतात आणि खत होतं. त्याला पावसाळी रानासारखा वास येतो, नाक मुरडावं असं काही नसतं. पण हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जंतू माजतात आणि सडक्या अंड्यासारखी घाण सुटते. आमच्या पिटला तीच सुटली होती.

"वास हिच्यामुळेच येतो," देसाई म्हणाले. "नीट झाकत नाही. आणि सांगितलेलं ऐकतही नाही. ते डायपर ड्रममध्ये घालून जाळ म्हटलं तर ऐकलं का हिनं?"

"लेकराचं जाळू नाय सायब," पलीकडून शेवंताबाई म्हणाली. "लेकराला आग व्हते."

"ऐका! हा अडाणीपणा."

आता उघड्यावर प्लास्टिक जाळायला बंदी आहे, हे देसाईंना ठाऊक असायला हवं होतं. मी ते सांगितलं. शेवंताबाईचं कारण चुकीचं होतं, पण वागणं बरोबर होतं. माझ्या नोकरीत मी याच्या उलटच जास्त पाहिलं: दिलेलं कारण फर्स्टक्लास आणि काम भिकार.

शिवाय वास वाढला होता तो देसाईंच्याच कृपेनं. मागच्या रविवारी मी सुट्टीवर असताना त्यांनी गुलाबाच्या वासाचं फिनेल आणवलं आणि माळ्याकडून अख्ख्या पिटवर ओतून घेतलं. अहो, फिनेल जंतू मारतं आणि कंपोस्ट जंतूंवरच चालतं! गाय मारून दूध काढायला बसायचं, त्यातली गत. तिसऱ्या दिवशी वास सातव्या मजल्यावर पोचला, आणि खापर फुटलं शेवंताबाईवर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मला पंधरा दिवस द्या," मी म्हणालो. "वास गेला तर बाई राहील."

देसाईंनी घड्याळात पाहिलं. "वास गेला तर राहील," ते म्हणाले.

शेवंताबाईला ही नोकरी का हवी होती ते सांगतो. तिचं गाव नाल्यापलीकडे, चालत दहा मिनिटांवर. तिच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू लुळी, उठता येत नाही. ती सकाळी त्याला कोरडं करून कामावर यायची, दुपारी पळत घरी जाऊन त्याच्याखालची जुन्या लुगड्याची फडकी बदलायची आणि परत यायची. चालत जाण्याइतक्या अंतरावर दुसरं काम नव्हतं. साजगावच्या कंपन्यांत बायकांना कामं मिळतात, पण तिथे टेंपोनं जायचं आणि शिफ्ट संपल्यावरच यायचं. मग दुपारी त्याला कोण बघणार? एवढी साधी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लोव्हज घालून तिच्याबरोबर ओला कचरा निवडायला बसलो. एका सकाळी छत्तीस डायपर निघाले. काही गच्च पिशवीत, काही सताड उघडे, कांद्याच्या सालींत आणि चहाच्या चोथ्यात पसरलेले. डायपरच्या आत एक पावडर असते. ती लघवी शोषून फुगते, तिची जेली होते. वरून प्लास्टिक. हा गठ्ठा पिटमध्ये गेला की ना कुजतो ना हवा जाऊ देतो. शेवंताबाई ते रोज हातानं उचलत होती. कमिटीनं दिलेल्या ग्लोव्हजची तीन बोटं फाटलेली होती. माझ्या सहीनं दिलेले होते ते, म्हणजे पाप माझंही.

"शिकलेसवरलेले लोक, आणि डायपर भाजीच्या कचऱ्यात?" माझा पारा चढला.

शेवंताबाई हसली. "वला असतोय म्हून वल्यात टाकत्यात."

"काहीतरीच काय!"

"तुमीच लिवलंय नव्हं बोर्डावर? वला कचरा हिरव्या डब्यात."

मला पटलं नाही. चाळीस वर्षांचा अनुभव ना! मी तडक लिफ्टनं वर गेलो आणि ज्या ज्या घरात बाळ किंवा आजारी माणूस होतं, त्या घरांची बेल वाजवली. तिसऱ्या मजल्यावर स्नेहा म्हणून एक मुलगी आहे. आयटीत आहे, घरून काम करते. कडेवर सहा महिन्यांचं पोर.

"काका, रात्रभर घातलेला डायपर सुका कसा असेल?" तिनं मलाच विचारलं. "बोर्डवर ओला म्हटलंय. मी तर शेजारणीलाही सांगितलं, सुक्यात टाकू नकोस म्हणून."

पुढे तर कहरच. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा नातवाचे डायपर बाल्कनीत दोरीवर वाळवत होते आणि वाळल्यावर नियमानं सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकत होते. वर मला म्हणाले, "आम्ही नियम पाळणारी माणसं आहोत, इतरांकडे बघा जरा."

मी पायऱ्या उतरून खाली आलो. लिफ्टमधल्या आरशात तोंड बघायची हिंमत नव्हती. आमच्या खात्यात ओला म्हणजे सडणारा, खत होणारा. केळ्याची वाळलेली सालही आमच्या लेखी ओलीच. ही आमची ऑफिसची भाषा. लोकांच्या भाषेत ओलं म्हणजे ओलं! बोर्ड मीच लिहिला होता, रंगसुद्धा मीच निवडले होते. आणि माझी चूक शेवंताबाईला बोर्ड लागल्यापासून, म्हणजे चार महिने, कळत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पण नुसता बोर्ड बदलून भागणार नव्हतं. डायपर वेगळा टाका म्हटलं की लोक तो आठवडाभर बाथरूममध्ये साठवतात आणि घरातच वास सुटतो. मग परत गुपचूप भाजीच्या पिशवीत. घरातला वास आधी जायला हवा होता. ती विद्या मला मिळाली बी विंगच्या तळमजल्यावर, नसीमाभाभींकडे.

त्यांचे सासरे दोन वर्षं अंथरुणावर. मी आत गेलो तर घरात फक्त फोडणीचा वास. मी नाक घेऊन जगलेला माणूस, मुद्दाम हुंगून पाहिलं. काही नाही.

"भाभी, हे कसं जमतं?"

"जमवावंच लागतं, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अब्बा पूर्ण शुद्धीत आहेत. घरात वास आला की त्यांना लाज वाटते, मग ते पाणी प्यायचंच सोडतात. मागे त्यापायी ॲडमिट करावं लागलं."

मग त्यांनी करून दाखवलं. आधी डायपरमधली शी कमोडमध्ये झटकून फ्लश. डायपर मात्र कमोडमध्ये कधीच टाकायचा नाही, लाइन तुंबते. मग घाण बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करायची. वर चिमूटभर खायचा सोडा. आणि मग वर्तमानपत्राची पुडी. नसीमाभाभींच्या वडिलांचं शिळफाट्याला किराणा दुकान होतं आणि त्यांचं बालपण पुड्या बांधण्यात गेलेलं. कागद तिरका धरला, दोन घड्या घातल्या, टोक आत खोचलं. ना दोरा ना टेप. डाळीची पुडी बांधावी तशी. वर लाल पेननं एक मोठा ठिपका, म्हणजे उचलणाऱ्यानं ती उघडू नये. पुडी झाकणाच्या डब्यात, डबा रोज सकाळी रिकामा आणि उन्हात. शेवटी साबणानं हात. संपलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण रोज," त्या म्हणाल्या.

रविवारी क्लब हाऊसमध्ये डेमो ठेवला. नसीमाभाभींनी पुडी बांधून दाखवली. न बांधलेला डायपर कचऱ्यात कसा येतो ते शेवंताबाईनं सांगितलं. पहिल्यांदा ती अंग चोरून उभी होती, मग रंगात आली. "अवो ताई, तुमच्या बाळाचं बाळसं मला त्याच्या डायपरवरनं कळतंय! आताशा लय गुटगुटीत झालंय हां!" सगळे हसले. स्नेहानं तर पुढे येऊन तिचा हात धरला आणि सॉरी म्हणाली. एका बाईंनी शंका काढली, ठिपका बघून आमच्याकडे कोण आजारी ते सगळ्यांना कळेल. रास्त होतं. मग दाराबाहेर काही ठेवायचं नाही, पुडी थेट खाली ठेवलेल्या नव्या लाल डब्यात टाकायची, असं ठरवलं. तो डबा सॅनिटरी कचऱ्याच्या गाडीत वेगळा जाऊ लागला.

बोर्ड मी स्वतः पुसला. नवा लिहिला: "शिजणारं, सडणारं हिरव्यात. डायपर कितीही ओला असो, लाल डब्यातच." भाषा काही फार उच्च नव्हती, पण एकही माणूस चुकला नाही. आजोबांनी बाल्कनीतली दोरी सोडली.

पिट मेलेला होता, तो शेवंताबाईनं जिवंत केला. फिनेलचा थर काढून टाकला, गावातून ताजं शेण आणलं, कालवून ओतलं, भुसा टाकला, रोज खालीवर केलं. दहाव्या दिवशी मी पिटवर वाकून दीर्घ श्वास घेतला. रान! नुसता रानाचा वास!

"गेला गं बाई वास!" मी ओरडलो.

"गेला सायब, गेला," ती म्हणाली आणि दुपारचं घरी पळाली.

कमिटीनं एक पानी रिपोर्ट मागितला. मी तो मोठ्या थाटात लिहिला. शेवंताबाईचं नाव दोनदा घातलं. आणि शेवटी, शाबासकी मिळावी म्हणून, एक वाक्य ठोकून दिलं: "वर्गीकरणाचे काम आता जवळपास उरलेले नसून पिटची देखभाल आठवड्यातून दोन तासांत होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मीटिंगमध्ये देसाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला. "उत्तम. दोन तास तर आपला माळीही करेल. मग बाई कशाला?"

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता. वास गेला तर बाई राहील."

"वास तिच्यामुळे नव्हताच, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मान्य. तिच्यावर काही ठपका नाही, हवं तर सर्टिफिकेट देऊ. पण कामच नाही, त्याला मी काय करू?"

मी म्हणालो, "मग माझाही राजीनामा घ्या."

"द्या," ते म्हणाले.

मी दिला नाही. पेन्शन पुरते मला. तरीही दिला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

शेवंताबाईला मीच सांगितलं. ती फावडं धूत होती. धुवायची थांबली नाही.

"म्हंजे वास घालवा म्हनत होते ते मलाच घालवायला व्हय," ती म्हणाली. "आन मीच शेन वाहून आनलं."

मला वाटत होतं ती रडेल, शिव्या देईल. तिनं फावडं भिंतीला टेकवलं, हात पुसले आणि गेली. सर्टिफिकेट न्यायला आली नाही.

धंद्यातला धडा म्हणून एवढंच सांगतो. काम सोपं झालं, असं कागदावर लिहू नये. कुणाचं सोपं झालं ते वाचणारा ठरवतो.

दोनेक महिन्यांनी ती शिळफाट्याच्या बाजारात दिसली. मेडिकलमधून बाहेर येत होती, काखेत मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट. साजगावच्या एका कंपनीत कॅन्टीनची भांडी घासते. सकाळी टेंपो, संध्याकाळी टेंपो. दुपारी घरी जाता येत नाही, म्हणून नवऱ्याला डायपर. पगाराचा मोठा तुकडा त्यात जातो.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पुडी नीट बांधता ना?"

"बांधते की. नसीमाभाभीनी दावली तशी. ठिपकाबी देते." मग ती थांबली. "सायब, येक इचारू? आमच्या गावात कचऱ्याची गाडी येत नाय. नाल्यात टाकलं तर खाली गुरं पानी पित्यात. जाळायचं तर तुमीच नाय म्हनता. घरामागं पुड्यांचा ढीग झालाय. ती पुडी टाकायची कुठं?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

तिनं मान हलवली आणि टेंपोकडे वळली. कुणाला विचारणार होतो मी? त्या खात्यातून रिटायर झालेला माणूस मीच.