फुईच्या पोरीचा चेहरा

निवृत्त झालो तशी मुलानं घरी कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर असं सगळं आणून मांडलं, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. जळगावात बसल्या बसल्या साऱ्या गोतावळ्याचे जुने फोटो गोळा करायला लागलो. पूर्वी आमच्याकडे लग्नातला एकच फोटो घरोघर फिरायचा. कुठे त्यावर चहा सांडायचा, कुठे कोपरा दुमडायचा, आणि वर्षानं परत आला तर नशीब! आता मी बटण दाबलं की तो मिनिटात सगळ्यांच्या फोनवर. "वा भाऊ, कमाल केली!" खोटं कशाला बोलू, त्या वाहवेची मला चटक लागली होती.

त्या चटकेपायीच मी फुईकडे गेलो. फुई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. धुळ्याजवळच्या खेड्यात एकटी राहते. तिची एकुलती एक पोर सहा वर्षांची असताना तापानं गेली, आणि त्या पोरीचा अख्ख्या जगात एकच फोटो होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. फुईची लेक सासरी जायलाच उरली नाही. म्हणून दर आखाजीला फुई तो फोटो भिंतीवरून उतरवायची, पोरीच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवायची आणि विचारायची, "उनी का व माय?" आलीस का, म्हणून. काच केव्हाच फुटलेली, त्यामुळे बोट थेट फोटोवरच टेकायचं. इतक्या आखाज्यांच्या कुंकवाचा थर पार नाकापर्यंत उतरला होता.

"आठ दिवसांत परत आणतो," मी म्हणालो. तिनं फोटो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. "जपीसन लई जाय, भाऊ."

कसलं जपून! घरी आल्यावर मला ते कुंकू म्हणजे नुसती घाण दिसली. आधी आहे तसा स्कॅन करून ठेवावा, एवढी अक्कल नको? कापूस ओला केला आणि पुसायला लागलो. कुंकू निघालं, आणि त्याच्याबरोबर फोटोचा पापुद्राही निघाला. एक डोळा, नाक, वरचा ओठ, सगळं कापसावर आलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच. कापूस हातात धरून मी कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिलो.

तेव्हाच फुईला फोन करायला हवा होता. केला नाही. फाटक्या फोटोतले चेहरे भरून देणारा एक प्रोग्राम कॉम्प्युटरवर होता, त्यात फोटो टाकला. त्या यंत्रानं पोर कधी पाहिली होती? तरी त्यानं तिला डोळा दिला, नाक दिलं, वर गालाला खळीही पाडली. भलतीच गोड पोर झाली. मी ती ग्रुपवर टाकली. "हुबेहूब फुई!" "डोळे भरून आले!" पुण्याच्या भाचीनं तर तिला हसायला, पापण्या मिटायला लावलं. यातल्या एकानंही ती पोर पाहिलेली नव्हती, मीही नाही. पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

प्रिंट काढून, नवी काच बसवून मी फोटो नेऊन दिला. "जुना फार खराब झाला होता, फुई," एवढंच म्हणालो. तिनं काचेवरून हात फिरवला, फोटो छातीशी धरला आणि माझ्याच तोंडावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी चहा पिऊन आलो.

पुढे डोळ्यांचं ऑपरेशन करायलाही मीच तिला धुळ्याला नेलं. मनातली बोच, दुसरं काय! पट्टी निघाली. घरी परतताना रिक्षातून ती पोरासारखी दुकानांच्या पाट्या वाचत होती, "आते बठ्ठं दिसस!" आता सगळं दिसतं, असं म्हणत होती. आता ही फोटो पाहील, आता मी सापडेन. सापडलो तर बरं, असंही वाटत होतं. ती ओरडेल, शिव्या देईल, आणि एकदाचं संपेल.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली. जवळ गेली, मागे सरली, पुन्हा जवळ गेली. मी दारातच थांबलो. बऱ्याच वेळानं ती वळली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मनी पोरनं तोंड मी इसरी गऊ रे, भाऊ," ती म्हणाली. "वळखू येत नही. कशी माय शे मी!" आणि पोटच्या पोरीचा चेहरा विसरले म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

बोल, बोल आता, असं मी स्वतःला म्हणत होतो. तोंडही उघडलं.

"वयानं होतं असं, फुई," मी म्हणालो.