शेवटच्या डब्याची पाटी

आमचे हे तीस वर्षं रेल्वे फाटकावर होते. शेवटच्या डब्यावरची पाटी दिसल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. पाटी नसेल तर मागचे डबे तुटून राहिले असं समजायचं.

रिटायर झाल्यावर यांनी बोरगावच्या गणपतीत गोणपाटाचा डोंगर केला. खेळण्यातली गाडी बोगद्यात शिरून आत लपायची आणि दुसऱ्या तोंडातून हुबेहूब दुसरी निघायची. लोकांना एकच वाटायची.

पहिल्याच दिवशी टाळ्या पडल्या, लेकरं पुढे सरकली आणि हे किंचाळले, "पाटी नाई! डबे आत राह्यले! कोनी पुढं येऊ नका!" दोन्ही हात आडवे.

"अवो, दुसरीले पाटी लावाची तुमीच विसरले!" मी ओरडले. ऐकतात कुठे!

शेवटी मीच गोणपाट उचलून लपलेल्या गाडीची पाटी दाखवली. तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले.