सात तासांचं फाटक

"अरे भैया, मशीन अटक गया! बंद करो, बंद करो!"

माझा मेव्हणा अबुधाबीच्या थिएटरात, भर अंधारात, उभा राहून बोंबलत होता. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये त्याच्या हाताखाली चाळीस माणसं. प्रेस अडकली की तो असाच ओरडतो, आणि तिकडे लांब उम्म अल कुवैनमधल्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. मी त्या बोंबेनंच जागा झालो. दारावरचा माणूस टॉर्च घेऊन धावत आला आणि फार अदबीनं म्हणाला, सर, मशीन चालू आहे, नीट बघा, बर्फ पडतोय.

बघितलं. खरंच पडत होता. पडद्यावर हंगेरीतलं एक ओसाड शेत, एक मोडकं लोखंडी फाटक, आणि बर्फाचा एकेक कण असा रमतगमत उतरत होता, जणू त्याचीही आज सुट्टी.

सात तासांचा पिक्चर. संपेपर्यंत व्हिसा रिन्यू करायची वेळ येते की काय, अशी मला धास्ती. आलो होतो पोरीमुळे. तिला सिनेमा शिकायचा होता, मला ती इंजिनिअर हवी होती. दोन वर्षं घरात हेच रणकंदन. शेवटी तिनं सौदा केला: हा पिक्चर शेवटपर्यंत बघ, तरीही सिनेमा हेसुद्धा काम आहे असं वाटलं नाही, तर मी मुकाट इंजिनिअरिंगला जाते. मी मनात म्हटलं, खलास! एसीत सात तास झोप, वर पोरगी इंजिनिअर. साक्षीदार म्हणून मेव्हण्याला आणलं आणि पहिले दोन तास ठरल्याप्रमाणे झोपलो.

आता पडद्यावर एक म्हातारा आला, फाटकाची गंजलेली बिजागरी बदलायला. कॅमेरा हलेना, म्हातारा बोलेना. त्यानं पिन कानशीनं घासली, बसवून बघितली, बसेना. परत काढली, परत घासली. फट नखानं चाचपली. माझ्या हिशेबानं हे दीड तास चाललं; पोरगी म्हणते, बावीस मिनिटं.

तीस वर्षं फिटर म्हणून मी हेच करतोय. आपल्या सिनेमात हिरो हातोडा उचलतो न उचलतो तोच पूल तयार. हे काम कुणीतरी बसून, गप्प राहून, पूर्ण बघावं असं असतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. माझा उजवा हात मांडीवर आपोआप पुढेमागे चालू होता. मेव्हणा पुढच्या खुर्चीची पाठ धरून कुजबुजत होता, "अजून घास, बाबा. घाई नको."

पिन बसली. म्हाताऱ्यानं फाटक एका बोटानं ढकललं. ते उघडलं, आणि जरासुद्धा करकरलं नाही. आम्ही थिएटरात अकरा जण. अकराही जणांचा अडकलेला श्वास सुटलेला मी ऐकला. पोरीकडे वळलो, तर ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

उरलेले चार तास मी पापणी लवू दिली नाही म्हटलं तर ती थाप होईल. दोनदा लवली.

बाहेर पार्किंगमध्ये चव्वेचाळीस डिग्री, आणि माझे हात त्या बर्फानं गार. गाडीत बसल्यावर घसा खाकरला आणि मेव्हण्याच्या साक्षीनं हार कबूल केली.

"बाय, हे काम आहे. जा, भर तुझा फॉर्म."

तिनं सीटबेल्ट लावला.

"आय ऑलरेडी डिड, डॅडा. लास्ट मंथ."