मंगळवार, शुक्रवार आणि बाकीचे दिवस

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आज मंगळवार ना? लातूरला गेली नाहीस?" मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं, पण लातूर त्यांच्यामुळे सुटलेलं नाही. तुमच्यातली थोरली यंदा डॉक्टरकीला जाते आहे, म्हणून खरं कारण आताच लिहिते.

भूल द्यायला मी नांदेडला शिकले. आमचे सर तिथल्याच जुन्या मुसलमान घरातले, वडिलांचं अत्तराचं दुकान. त्यांचा एक नियम होता. पेशंटला धोका नसेल तर शिकणाऱ्याच्या हातातलं काम शिकवणाऱ्यानं काढून घ्यायचं नाही. पहिल्यांदा श्वासनळीत नळी घालताना माझी चुकली, तेव्हा त्यांनी मला पुन्हा मास्क धरायला लावला.

"पेशंटला दम मिळून राहिला ना? मग तू बी घे जरा."

सर्जन हात धुऊन ताटकळत होते. "काय उस्ताद, आज होणार की उद्या?"

"साहेब, तुम्ही तास तास टाके घालता, आम्ही बोलतो का काही?"

दुसऱ्यांदा नळी बसली. सरांनी शाबासकीसुद्धा दिली नाही, पुढचा पेशंट आत घ्यायला सांगितलं.

निवृत्तीनंतर मी लातूरच्या एका इस्पितळात मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवायला जाऊ लागले. तिथे शिरूर अनंतपाळकडची, शेतकरी घरातली एक मुलगी डॉक्टर होऊन भूलशास्त्र शिकत होती. तिचा हात हलका होता. शिवाय ती पेशंटशी फार छान बोलायची. तिच्याकडे बघून मला वाटायचं, ही चांगली भूलतज्ज्ञ होणार.

एका शुक्रवारी खुब्याचं हाड मोडलेल्या एका म्हातारीला कमरेखाली बधिर करायचं होतं. असं इंजेक्शन पाठीच्या मणक्यांमधून देतात आणि पेशंट पूर्ण जागा असतो. "आजी, पाठ वाकवा, मांजरीवानी," मुलगी म्हणाली. सुई दोनदा हाडाला लागली. हे सगळ्यांचं होतं. मी काही बोलणार तोच विभागप्रमुख आत आले आणि त्यांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"सरक. खुरपं धरणारे हात हे, यांना सुई काय समजणार?"

टेबलावरची म्हातारी म्हणाली, "तिला कामून बोलता? पोरगी लई चांगली हाय."

त्यांनी इंजेक्शन एका झटक्यात दिलं. त्यांचा हात पक्का होता, हे मी नाकारत नाही.

त्यानंतर ते खोलीत आले की ती सुई खाली ठेवून बाजूला व्हायची. मी त्यांच्याशी बोलायला गेले. त्यांनी आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला. "मॅडम, आम्ही तर मार खाऊन शिकलो. लाडानं कुणी भूल द्यायला शिकत नाही."

मी मुलीला जवळ बसवून माझ्या देखत काम करायला लावलं. मी असले की तिची सुई बरोबर जायची. मला आशा वाटायला लागली होती, तेवढ्यात एकदा चहा पिताना तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी येता. बाकीच्या दिवशी मी काय करू?"

रोज लातूरला जाणं माझ्यानं होण्यासारखं नव्हतं, आणि तिथल्या दुसऱ्या कुणाला तिच्याजवळ उभं राहायची इच्छा नव्हती.

दिवाळीआधी तिनं शिक्षण सोडलं. सामान न्यायला वडील आले होते. "काय झालं हिला, बाई?" त्यांनी मला विचारलं. "लहानपणी विहिरीत उड्या टाकायची ही." मी त्यांच्याबरोबर जीपपर्यंत गेले. पुढच्या मंगळवारी मी लातूरची बस धरली नाही. तिच्या जागी नवा मुलगा आला आहे, असं कळलं. त्याच्याजवळ कोण उभं राहतं, मला माहीत नाही.

ती आता बिलोलीकडच्या एका छोट्या दवाखान्यात असते. ताप, खोकला, विंचू चावलेले असे पेशंट बघते. भूल द्यायची वेळ आली की पेशंटला नांदेडला पाठवते. पुन्हा शिकायला जाशील का, असं मी एकदा विचारलं. "न्हाई मॅडम," म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. रविवारी तिचा फोन येतो, एवढं अजून आहे.