मोरीतला नळ
ताज्या रंगाचा वास आला की भरे गावातल्या आमच्या घराची वास्तुशांत आठवते. शेताच्या कडेला आम्ही नवं घर बांधलं होतं. आदल्या आठवड्यातच सासूबाई ठेकेदाराला म्हणाल्या होत्या, "मोरीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येत्यात." तो हसला. "ओल हाय मावशी, वाळलं की जाईल." वायरिंगच्या तपासणीला आलेले वीज मंडळाचे साहेब तर अंगणातच चहा पिऊन, सही करून गेले. वास्तुशांतीच्या सकाळी रिवाजाप्रमाणे आधी गाय आत नेली. उंबऱ्याशी ती अडली, मागे सरू लागली. सासऱ्यांनी चुचकारून तिला आत घेतलं. नुकत्याच धुतलेल्या मोरीत तिने ठिबकत्या नळाला तोंड लावलं आणि हंबरायच्या आत कोसळली. "मेन बंद करा!" सासरे ओरडले, पण ती गेली होती. भरलेली कळशी घेऊन गाईमागे निघालेल्या सासूबाईंनी ती खाली ठेवली. "तिच्या मागनं मीच हुते गं," एवढंच म्हणाल्या. नंतर भिंत फोडली, तर बिघडलेल्या गिझरमधून नळात उतरणारा करंट जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार आतच गुंडाळून ठेवलेली. जमिनीपर्यंत नेलीच नव्हती. सगळं वायरिंग उपटून नवं केलं. तरी कुठल्याही घरात नळ उघडण्याआधी मी आजही त्याला हाताची पाठ लावून बघते.